नऊ नंबरची बंद खिडकी

३ फेब्रुवारी

धाकटे,

आधी गुडघ्याचं सांग. ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले आणि तुझ्या पत्रात गुडघ्याबद्दल एक ओळ, शेजारणीच्या मांजराबद्दल सव्वा पान. फोन करून विचारलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. ठेवल्यावर आठवतं की जे विचारायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून पत्रच बरं. इथे मधेच कोणी तोंड घालत नाही.

आता माझं संकट ऐक. कलाशाळेच्या प्राचार्यांनी परवा बोलावलं. मला वाटलं, खोलीच्या चाव्या परत मागणार. पुस्तकबांधणीच्या वर्गाला गेल्या वर्षी दोनच मुलं आली होती आणि त्यातलं एक खिडकीतून बाहेर बघायला आलं होतं. पण ते म्हणाले, "बाइंडरमामा, यंदा वर्ग ऑनलाइन घेऊ. आठ आठवडे. निदान सहा जणांनी पुस्तक पुरं करून पोस्टाने पाठवलं, तर वर्ग चालू राहील. नाहीतर तुमच्या खोलीत कंप्युटरची टेबलं लावू."

मी हो म्हणून आलो. का म्हणालो, देव जाणे. जिना उतरताना हिशेब लागला. म्हणजे पानं दाबायचा लाकडी शिकंजा, भोकं पाडायची आरी, खळीचं भांडं, सगळं त्या सहा पुस्तकांवर टांगलेलं आहे. माझ्यानंतर हे काम येणारं इथे कोणी नाही, हे तुलाही माहीत आहे. पण सहावीतून काढलेला माणूस काचेतून काय शिकवणार? उद्या एखाद्याने विचारलं, तुमचं शिक्षण किती, तर काय सांगू? नात म्हणते, "आजोबा, मी शेजारी बसते, तुम्ही फक्त बोला." तिला काय जातंय? ती कॉलेजात जाते, तिला सगळं सोपं वाटतं.

नाही म्हणून कळवू का? लगेच लिही. दहा तारखेला पहिला वर्ग आहे.

दादा

७ फेब्रुवारी

दादा,

गुडघा जागेवर आहे. मांजरही.

तू नाही म्हणून कळवलंस तर मी ह्या पलंगावरून उठून, काठी टेकत तुझ्या दारात येईन आणि गुडघा पुन्हा बिघडला तर त्याचं खापर तुझ्यावर.

काचेतून काय शिकवणार म्हणतोस. बाबांनी तुला शिकंज्यापाशी बसवलं आणि मला वसतिगृहात धाडलं, तेव्हा तुझी शाळा कशी झाली? पोस्टाने! तू पत्र लिहायचास, मी त्यावर लाल शाईने गोल करायचे आणि बरोबर कसं ते वेगळ्या कागदावर लिहून पाठवायचे. तू चिडायचास, पण पुढच्या पत्रात ती चूक नसायची. समोर न बसता शिकलेला माणूस आहेस तू. त्यावेळी काच नव्हती, पाकीट होतं, एवढाच फरक.

आणि एक आठवण करून देते. मी आठ वर्षांची असताना तुझी आरी उचलली होती, तेव्हा बाबांनी माझ्या हातावर चापट मारली होती. "तू पुस्तकं वाच, शिवायचं काम ह्याचं." माझी आरी तुला मिळाली आणि तुझी शाळा मला. आपल्याला कोणी विचारलं होतं का? ह्या दहा जणांनी तर स्वतःहून नाव घातलंय. त्यांच्या हातावर चापट मारू नकोस म्हणजे झालं.

पहिल्या वर्गाला धुतलेला शर्ट घाल. खळीचे डाग असलेला नको.

धाकटी

२० फेब्रुवारी

धाकटे,

दहाच विद्यार्थी आहेत हे तुला कसं कळलं? मी आकडा लिहिल्याचं आठवत नाही. लिहिला असेल. हल्ली माझं डोकं ठिकाणावर नाही.

तीन वर्ग झाले. पडद्यावर दहा खिडक्या दिसतात, प्रत्येकीत एक डोकं. माझा फोन टेबलाच्या वर एका दांडीला बांधलाय, म्हणजे त्यांना माझे हात दिसतात. पहिल्या दिवशी मी अकरा मिनिटं बोललो आणि आवाजच बंद होता. कोणी चकार शब्द काढला नाही. नंतर म्हणाले, आम्हाला वाटलं आधी नुसतं बघायचं असतं.

चांगलं काय ते आधी सांगतो, नाहीतर म्हणशील हा रडतोच. औषधाच्या दुकानातली एक बाई आहे. काउंटरमागे बसूनच शिकते, मधेच उठून कुणाला गोळ्या देते आणि परत सुई हातात घेते. एक बसकंडक्टर आहे, तो दोन फेऱ्यांच्या मधे डेपोतल्या बाकावर बसतो. एक मुलगी तान्हं मूल खांद्यावर टाकून येते. ही तिघं माझ्या खोलीत कधीतरी आली असती का? जन्मात नाही.

आता वाईट. खळ किती घट्ट हवी ते मी बोट बुडवून सांगतो. त्यांचं भांडं दोनशे किलोमीटरवर. कंडक्टरने भांडं दाखवलं, मी म्हणालो, वा, छान जमलीय. नात कानात म्हणाली, "आजोबा, तो चहा आहे." दोरा किती ताणायचा हेही दिसत नाही, ते हाताला कळावं लागतं. खोलीत असतो तर पोरांचा हात धरून एकदा ओढून दाखवला असता. इथे नुसतं ओरडतो, "अजून! अजून!" आणि कुणाचा तरी दोरा तटकन तुटतो.

त्यात तो नऊ नंबर. नऊ जणांची नावं खाली दिसतात, ह्याचं नाव नाही, तोंडही नाही. काळा चौकोन आणि त्यावर '९'. बोलत नाही, लिहून विचारतो. "गाठ आतच का?" "दोऱ्याला मेण दोनदा का लावता?" धाकटे, पंचावन्न वर्षं मी मेण दोनदा लावतोय. का, ते मला कुणी विचारलं नव्हतं. मी घसा खाकरला, चष्मा पुसला, मग म्हणालो, पहिलं मेण दोऱ्याला आणि दुसरं बोटांना. तोंडातून निघाल्यावर मलाच पटलं. पण हा माणूस नक्की कुणीतरी निवृत्त हेडमास्तर आहे, माझी परीक्षा घ्यायला बसलेला. नात म्हणते, काही लोक लाजतात. लाजणारा माणूस असे प्रश्न विचारतो का?

पडद्याची आणखी एक अडचण होती, ती मात्र मी कुणालाही न विचारता निस्तरली आहे.

दादा

२७ फेब्रुवारी

दादा,

तुझ्या नऊ नंबराची मला दया येते. बिचारा शिकायला आलाय आणि तू त्याला हेडमास्तर म्हणतोस. माझ्या वर्गात चाळीस मुलं चेहरे दाखवत बसायची आणि त्यातली तीस मनाने मैदानावर असायची. चेहरा दिसतो म्हणजे शिकतो, असं नसतं. ज्याला प्रश्न पडतो तो वर्गात असतो, मग तो कपाटात का बसलेला असेना.

दोऱ्याचं एक सुचतं. काचेतून हात जात नसेल, पण पाकिटातून जातो. तू स्वतः चार टाके घातलेला पुठ्ठ्याचा तुकडा प्रत्येकाला पोस्टाने पाठव. बोटांनी चाचपून बघतील, दोरा इतका ताठ हवा. खळीचंही तसंच. कागदावर थेंब सुकवून पाठव, त्याची जाडी कळेल.

आणि तुझ्या उजव्या हाताला काय झालंय? डॉक्टरला दाखवलंस का? माझ्यापासून लपवू नकोस.

धाकटी

१० मार्च

धाकटे,

उजव्या हाताचं तुला कोणी सांगितलं? नातीने फोन केला होता का? विचारलं तर ती "मला अभ्यास आहे" म्हणून आत पळाली. हात ठणठणीत आहे. शिकवताना मुद्दाम डावा वापरतो, त्यामागे कारण आहे. महिनाभर सराव केलाय त्याचा. परवा दाढी डाव्या हाताने करून बघितली, हनुवटीवर खूण आहे. कारण निकालानंतर सांगेन, म्हणजे तुलाही कळेल की सहावीपर्यंत शिकलेल्या डोक्यातही काही शिल्लक आहे.

पुठ्ठ्याचे तुकडे पाठवले. दहा पाकिटं, नातीने पत्ते घातले. काय सांगू तुला! पुढच्या वर्गात एकाचाही दोरा तुटला नाही. तान्ह्या मुलाची आई म्हणाली, "मामा, आज तुमचा हात माझ्या घरी आला होता." मी चष्मा पुसायला घेतला. खळीचा थेंब मात्र कंडक्टरच्या मुलीने चाटला. विषारी नाही ना, म्हणून त्याने तीनदा विचारलं. मग मी पाचदा विचारलं, तिला कसं वाटतंय.

आता खरं पुस्तक बांधायला घेतलंय. प्रत्येकाने घरातली सुटी पानं आणायची, नीट रचायची आणि कडेने शिवायची. औषधवालीने मुलीची चित्रं घेतली. कंडक्टरने वर्तमानपत्रातली सोडवलेली शब्दकोडी घेतली, वीस वर्षांची. आईने बाळाला लिहिलेली पानं. नऊ नंबरला विचारलं, तुमचं काय? त्याने लिहिलं, "जुने कागद आहेत. घरचेच." बघ, धड सांगायचंही नाही.

काल त्याने विचारलं, "मामा, तुम्हाला हे काम आवडतं का?" असला प्रश्न मला कुणी कधी विचारला नाही. तूसुद्धा नाही. मी म्हणालो, आवडतं. आणि पुढचा टाका घातला.

गुडघा?

दादा

२४ मार्च

धाकटे,

सगळं संपलं. बसून वाच. म्हणजे तू बसलेलीच असशील.

आज वर्गात नऊ नंबर सोडून सगळ्यांनी पुस्तकं कॅमेऱ्यासमोर धरली. टाके सरळ, पुठ्ठे काटकोनात, कापडाला एक सुरकुती नाही. माझी छाती फुगली. तेवढ्यात औषधवाली म्हणाली, "मामा, एक विचारू? चित्रांवर मुलीची सही आहे, ती सगळी शिलाईत गेली." कंडक्टर म्हणाला, "माझ्या कोड्यांच्याही उजव्या बाजूच्या चौकटी गायब." मग बघितलं. धाकटे, सगळ्यांची पुस्तकं उलट्या बाजूने शिवलेली! कणा डावीकडे हवा, तो उजवीकडे. एकाचं नाही, दोघांचं नाही, सगळ्यांचं.

चूक कुणाची? माझी. सुरुवातीला मला पडद्यावर माझे हात आरशासारखे उलटे दिसले. उजवा हात डावीकडे. मी म्हटलं, पोरांनाही असंच उलटं दिसणार, मग ती उलटंच शिकणार. म्हणून मी महिनाभर खपून सगळं डाव्या हाताने, उलट्या बाजूने करायला शिकलो. म्हणजे पडद्यावर सुलटं दिसेल. मला दिसतही होतं सुलटं. आज नातीने कपाळावर हात मारला. "आजोबा, आरसा फक्त तुम्हाला दिसतो! त्यांना तुम्ही आहात तसेच दिसता!" मला कुणी सांगितलं होतं का? मी कुणाला विचारलं होतं का? नाही विचारलं. अर्धवट शिकलेल्याचं हेच होतं. धड कळत नाही आणि विचारायची लाज वाटते.

पुस्तकं पाठवायला आता दहा दिवस उरलेत. हे असलं प्राचार्यांना कसं दाखवू? मी वर्ग सोडतो असं पत्र लिहून ठेवलंय. सोमवारी टाकतो. शिकंजा तेवढा घरी आणायला मिळतो का विचारीन.

दादा

२६ मार्च

दादा,

हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवते आहे. सोमवारच्या आत पोचायला हवं.

आधी कबूल करते, मी हसले. इतकी हसले की शेजारीण धावत आली, तिला वाटलं गुडघा गेला. डाव्या हाताने दाढी!

आता नीट ऐक. मी तेहतीस वर्षं गणित शिकवलं. समोर उभी राहून, फळ्यावर लिहून, कान पकडून. त्या तेहतीस वर्षांत एकदाही असं झालं नाही की मी एक गोष्ट दाखवली आणि वर्गातल्या प्रत्येकाने ती हुबेहूब तशीच केली. तू लांबच्या, न भेटलेल्या दहा माणसांना उलटं शिकवलंस आणि दहाच्या दहा जण बिनचूक उलटं शिकले! ह्याला शिकवता येणं म्हणतात, वेड्या. सुलटं काय, ते एका वर्गात होईल. टाका तोच, ताण तोच, फक्त कड बदलायची. उसवायला सांग आणि दुसऱ्या कडेने शिवायला सांग. आम्ही काय मोडून पडणार आहोत का? म्हणजे ते दहा जण.

आणि चूक त्यांना खरी सांग. आरसा, डावा हात, दाढी, सगळं. मी तुझ्या चुकांना लाल गोल करत आले, पण माझी स्वतःची चूक वर्गासमोर कबूल करायला मला नोकरीची अठरा वर्षं लागली होती. त्या दिवसापासून मुलं मला प्रश्न विचारायला लागली. तुझ्याकडे तर नऊ नंबर पहिल्या दिवसापासून विचारतोय.

ते प्राचार्यांचं पत्र फाड. फाडलंस हे मला कळेल.

धाकटी

१२ एप्रिल

धाकटे, किंवा काय म्हणू, नऊ नंबर,

पत्र फाडलं होतं. सोमवारी वर्गात सगळं सांगितलं. दाढीसुद्धा. पाच मिनिटं कुणालाच काही ऐकू येईना, इतके हसले. बाळ रडायला लागलं. कंडक्टर म्हणाला, "मामा, उसवायला किती वेळ लागतो?" आणि तिथेच कात्री घेतली. औषधवालीने गिऱ्हाइकाला थांबवून ठेवलं, म्हणाली, दोन टाके उरलेत. नऊ नंबरने तेवढं लिहिलं, "मी बघतो काय करायचं ते." मी मनात म्हटलं, हेडमास्तर रुसला.

परवापर्यंत नऊ पाकिटं आली. नऊच्या नऊ सुलटी. प्रत्येकाच्या उजव्या कडेला जुन्या भोकांची रांग राहिली आहे, ती मी बोट फिरवून बघितली. प्राचार्य खोलीत आले, एकेक उघडून पाहिलं, भोकांचं विचारलं. मी सगळं सांगितलं. खुर्चीत बसून हसले ते. मग म्हणाले, "मामा, पुढचा वर्ग जुलैत. वीस जण घेऊ. कंप्युटरची टेबलं दुसरीकडे लावतो." मी म्हणालो, पंधराच घ्या. वीस खिडक्या माझ्या चष्म्यात मावत नाहीत.

काल दहावं पाकीट आलं. जड होतं. वर हिरवं कापड, टाके ताठ, पण कणा उजवीकडे. म्हटलं, ह्याने उसवलंच नाही, शहाण्याने! सवयीप्रमाणे कणा डाव्या हाताला धरला आणि उघडलं. आत कुणाचं तरी अक्षर माझ्याइतकंच वाईट. बरं वाटलं, जगात आणखी कुणीतरी आहे. मग वाचलं. "सगळं संपलं. बसून वाच."

मीच बसलो.

नात दाराआड उभी होती, तोंडावर ओढणी धरून. दोन महिने तिच्या पोटात हे राहिलं कसं! नाव तिने घातलं, पुठ्ठ्याचं पाकीट तुला तिने पाठवलं, '९' सुद्धा तिचाच. तिला मी काही बोललो नाही. तुला बोलतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई, पलंगावर, मांडीवर फळी घेऊन, हातात आरी! लागली असती म्हणजे? आणि मला विचारतेस, काम आवडतं का म्हणून! समोर विचारायला काय झालं होतं?

ते मीच सांगतो. समोर विचारलं असतंस तर मी म्हणालो असतो, आता काय त्याचं, आणि विषय बदलला असता. आणि तू समोर असतीस तर मी तुला आरी दिली नसती. बाबांसारखं म्हणालो असतो, राहू दे, तुला लागेल. काळा चौकोन होतीस म्हणून दिली. काचेचा हा एक गुण मी पत्करला.

माझी एकेचाळीस पत्रं आहेत, मोजली. शेवटचं तेवढं मागाहून खळीने चिकटवलंयस. मला वाटलं होतं तू ती रद्दीत घातली असशील. प्रत्येक ओळीची शेवटची अक्षरं शिलाईत गेली आहेत, आणि माझ्या निम्म्या चुका तिथेच होत्या, तेव्हा बरंच झालं. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला तू लिहिलंयस, "उसवलं नाही. गुरुजींनी शिकवलं तसं ठेवलं." गुरुजी! सहावीतून काढलेला माणूस ते पुस्तक घेऊन खिडकीत गेला, उजेडात परत वाचायला.

आता तपासणी. आज सकाळी दुकानात जाऊन लाल पेन आणलं, जन्मात पहिल्यांदा. अकराव्या भोकापाशी टाका सैल आहे, तिथे गोल केलाय. मागच्या पुठ्ठ्याचा कोपरा खळीने फुगलाय, तिथे दुसरा. बाकी कुठे गोल करायला जागा सापडली नाही, खूप शोधली. दहापैकी आठ. पुस्तक वेगळ्या पाकिटातून परत पाठवतो आहे. दोन्ही दुरुस्त्या करून पाठव. कणा मात्र बदलायचा नाही. उलट्या बाजूने उघडलं की आधी म्हातारा भेटतो, रडका, घाबरट. मग पान उलटेल तसा तो तरुण होत जातो, आणि शेवटच्या पानावर बारा वर्षांचा पोरगा निघतो. सात ओळी लिहिल्यात आणि त्यावर तुझे अकरा लाल गोल. तो म्हणतो, "शाळेत आज काय शिकवलं ते मला लिही."

जुलैत पहिला वर्ग आहे, सोमवारी, सकाळी अकराला. गोल टाके शिकवणार आहे, ते तुला येत नाहीत. पंधरांपैकी एक जागा मी अडवून ठेवली आहे. खिडकी उघडी ठेव. केस विंचरून बस.

आणि गुडघ्याचं लिही. मांजराचं नको.

दादा